दुबार छाटणी

माझ्या वहिनीला त्यांनी भरल्या गाडीतून खाली उतरवलं, हे मी आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की हिनं राईचा पर्वत केला. माणसं बसलेली, कंडक्टरनं डबल बेल दिलेली, आणि जत-सांगली गाडीचं स्टिअरिंग जाग्यावर घट्ट.

नव्या बॅटरीच्या गाड्यांना किल्ली नसते. ड्रायव्हरनं अंगठा टेकवायचा, आणि त्या अंगठ्यामागं त्याची जनुकपत्रिका असते. राजमतीवहिनीनं रोजच्यासारखा अंगठा टेकवला तर समोर लाल पट्टी आली: चालक अपात्र, हृदयविकाराचा आनुवंशिक धोका. नुसती पट्टी आली असती तर तिनं गुपचूप डेपोत फोन केला असता. पण गाडी बोलते ना! तेच वाक्य बाईच्या गोड आवाजात आख्ख्या गाडीला ऐकवलं. मागनं एकजण ओरडला, "ओ बाई, उतरा की खाली, आमची पोरंबाळं हायत गाडीत." जिनं इतक्या वर्षांत रस्त्यावरच्या कुत्र्यालासुद्धा धक्का लावला नाही, तिला हे ऐकावं लागलं.

स्टँडवरनंच तिनं मला फोन केला. "वन्सं, तुमच्या मशिनीनं मारलं की ओ मला."

मी तिची नणंद, पण ती मला एरवी 'त्रिशे' म्हणते. 'वन्सं' आणि 'तुम्ही' बाहेर पडलं की समजायचं, बाई पेटलीय. राजमती मुळात माझी मामेबहीण. समडोळीला आजीच्या अंगणात आम्ही एका ताटात जेवलो, एकमेकींच्या झिंज्या उपटल्या. मग ती माझ्या थोरल्या भावाला, श्रेणिकला, दिली. आमच्यात मामाची मुलगी करायची रीतच आहे. माझ्या मामानंही त्याच्या मामाचीच मुलगी केली होती. त्यामुळं आमच्याकडच्या लग्नात दोन्ही मांडवांत तीच माणसं दिसतात, आणि रुसायचं कुणी, हे आधी ठरवून घ्यावं लागतं.

आणि 'तुमची मशीन' हे काही खोटं नव्हतं. मी त्रिशला चौगुले, मिरजेच्या जनुकवाचन केंद्रात जोडणी विभागात काम करते. ज्या सॉफ्टवेअरनं वहिनीचा निकाल लावला, ते 'संधान' मीच रोज चालवते.

ड्रायव्हरांच्या रक्ततपासणीचा हा कायदा आला त्यालाही कारण होतं, ते लपवायचं नाही मला. मागं एका घाटात ड्रायव्हरचं हृदय चालता चालता बंद पडलं आणि गाडी दरीत गेली. त्याच्या रक्तात दोष होता, तो आधी कळला असता, असं नंतर निष्पन्न झालं. मग प्रवासी सुरक्षा मंडळ स्थापन झालं आणि एकेका ड्रायव्हरचं रक्त आमच्यासारख्या केंद्रांत यायला लागलं. हृदयाचे ठोके सांभाळणारं एक जनुक आहे. ते आईकडून एक, बापाकडून एक असं येतं. एक बिघडलं तरी दुसरं काम निभावतं. दोन्ही बिघडली की माणूस वरून धडधाकट दिसतो आणि एके दिवशी उभ्या जागी कोसळतो. वहिनीच्या पत्रिकेत लिहिलं होतं: दोन्ही प्रती सदोष. खाली आणखी एक ओळ होती, तिनं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. 'पालक रक्तसंबंधी. दोष अपेक्षित.'

अपेक्षित म्हणे! नात्यातल्या लग्नांत असे दोष जास्त दिसतात, हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण अपेक्षित आहे म्हणून बघायचंच नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय?

शनिवारी मी समडोळीला दादा-वहिनीच्या घरी गेले. आम्ही जैन, आमच्याकडं सूर्य मावळायच्या आत जेवण उरकतं, तेव्हा उजेडातच सगळे पानावर बसलो होतो. श्रेणिकदादाचं पाण्याच्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान आहे, हातात सदा तांब्याची तार. त्या दिवशी तो हात बायकोच्या मनगटावर होता. जेवता जेवता नाडी बघत होता.

"सोड की," वहिनी म्हणाली. "भाकरी मोडू का एका हातानं?"

"जिना चढू नकोस म्हटलं तर चढलीस. घागर उचलू नकोस म्हटलं तर उचललीस."

"मग काय करू? आडवी पडू?"

"घरात बस. नोकरी गेली तर गेली. मला तू पायजेस."

वहिनीनं हात हिसडून घेतला. "तुला बायको पायजे का भिंतीवरचा फोटो? पंधरा दिवस झाले, पोरीसारखं सांभाळतोयस. झोपले की नाकापुढं बोट धरतोयस. मी मेले न्हाई अजून, श्रेणिक!"

आमच्यात बायका नवऱ्याला नावानं हाक मारत नाहीत. पण ही दोघं लहानपणी विटी-दांडू खेळलेली, रागात जुनं नाव बाहेर येतं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो उठून बाहेर गेला आणि हात धुवायच्या नळाशी उगीचच उभा राहिला.

वहिनी माझ्याकडं वळली. "हृदयाचा फोटो काढला, चांगला हाय. फिरत्या पट्ट्यावर पळवलं, चांगलं पळाले. डॉक्टर म्हणतोय, हे आजचं झालं, पत्रिका उद्याचं सांगती. मग खरं काय? तू सांग. पण नणंद म्हणून सांगू नकोस. माझ्या मागं साठ माणसं बसत्यात. माझ्या हृदयात खरंच खोट असली तर मी सोताहून गाडी सोडीन."

 मी आले होते तिची समजूत काढायला, आणि ती माझ्याकडं सत्य मागत होती. मी म्हणाले, "तुझा कच्चा डेटा माग. कायद्यानं तुझा हक्क आहे. तो आला की मी बघते."

आता हा कच्चा डेटा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही.

रक्तातलं जनुकांचं लिखाण कुठलंही यंत्र एका दमात वाचू शकत नाही. समजा लग्नात वाटतात तो मंगलाष्टकांचा कागद आहे. त्याच्या तीस झेरॉक्स काढा, सगळ्या वेड्यावाकड्या फाडा आणि तुकडे एका पोत्यात भरा. ते पोतं म्हणजे कच्चा डेटा. आता मूळ कागद कधीच न बघता तो जोडायचा. कसा? एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी जुळतोय का बघायचं, जुळला की चिकटवायचं. हेच काम 'संधान' करतं, फक्त कोट्यवधी तुकड्यांवर.

पण समजा त्या कागदावर एक कडवं चुकून दोनदा छापलंय. पहिल्यांदा छापताना एक शब्द गळालाय, दुसऱ्यांदा नीट आहे. जोडणाऱ्याला वाटतं कडवं एकच. तो दोन्हींचे तुकडे एकावर एक चिकटवतो आणि उरलेले जादा समजून फेकून देतो. 'संधान'मध्ये ह्या पायरीला 'दुबार छाटणी' म्हणतात. एरवी ती उपयोगाची असते, यंत्र स्वतःच कधी कधी खोट्या नकला तयार करतं. आईचा धागा आणि बापाचा धागा एकमेकांपासून थोडे थोडे वेगळे असतात, त्या वेगळेपणाच्या खुणांवरून सॉफ्टवेअर कुठला तुकडा कुणाचा ते ओळखतं. पण आई-बापच एका घरातले असले की दोन्ही धागे सारखे. मग खुणा संपतात आणि कात्री सुटते.

वहिनीचा डेटा आला. मी दुपारच्या सुट्टीत ते जनुक उघडलं आणि तुकडे मोजले. शेजारीपाजारी प्रत्येक जागा तीस वेळा वाचली गेली होती. त्या एका जनुकावर मात्र साठ. म्हणजे कडवं दोनदा छापलेलं होतं! मी डबा तसाच ठेवला आणि 'संधान'नं फेकून दिलेले तुकडे चाळायला बसले. तिथं एक चांगला लांब तुकडा सापडला. त्यात आधी बिघडलेली प्रत होती आणि तिच्या पाठोपाठ, त्याच धाग्यावर, धडधडीत चांगली प्रत होती. वहिनीला हे दोन्हीकडून आलं होतं. म्हणजे चांगल्या दोन प्रती तिच्या अंगात होत्या, कात्रीनं नेमक्या त्याच कापल्या होत्या. मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्यानं "अगंबाई" म्हणाले, तर शेजारचे दोघं वळून बघायला लागले.

आमचे विभागप्रमुख कुलथेसाहेब. माणूस वाईट नाही, पण वरच्याला दुखवायचं नाही एवढं एकच व्रत त्यांनी आयुष्यभर पाळलं. मी त्यांना पडदा दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला.

"त्रिशलाताई, ह्या बाईंची फेरतपासणी झालीय. निकाल तोच आला."

"येणारच. फेरतपासणी म्हणजे तुम्ही तीच फाईल त्याच क्रमानं पुन्हा चालवता. साहेब, ह्या दोन प्रती इतक्या सारख्या आहेत की कुठली ठेवायची हे 'संधान'ला ठरवता येत नाही. जी आधी हाताला लागली ती ते ठेवतं. तुकड्यांचा क्रम बदला आणि निकाल बदलतो का बघा."

"सॉफ्टवेअर मंजूर झालेलं आहे."

"कुणाच्या रक्तावर तपासून मंजूर झालंय?"

"ते कंपनीचं काम. सगळ्या जगात चालतंय."

"सगळ्या जगात मामाची मुलगी करत नाहीत, साहेब."

त्यांनी दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाले, "तुमची वहिनी आहे म्हणून तुम्हाला हे दिसतंय. एक लांब तुकडा म्हणजे पुरावा होत नाही, तो यंत्राचा दोषही असेल. उद्या तिच्या गाडीला काही झालं तर? तुम्ही जबाबदारी घेणार? जपून पाऊल टाका, एवढंच सांगतो."

मला त्यांचा राग आला, पण त्यांचा प्रश्न डोक्यातून जाईना. खरंच, मला दिसायला हवं होतं म्हणून तर दिसलं नसेल? मी चुकले तर? घाटातली ती गाडी माझ्या डोळ्यांपुढं यायची. मंडळाकडं वहिनीचा सुनावणीचा अर्ज गेला होता, तारीख जवळ येत होती. वहिनी रोज फोन करायची, एकच विचारायची, "कळलं का गं?" आणि मी रोज म्हणायचे, "थांब जरा."

कळलं ते आमच्या रीतीमुळंच. वहिनीचा तो तुकडा कुठून आला हे मी मागं मागं शोधत गेले. तिच्या वडिलांना तो त्यांच्या आईकडून, म्हणजे आमच्या आजीकडून. तिच्या आईला तिच्या वडिलांकडून, म्हणजे आजीच्या सख्ख्या भावाकडून. म्हणजे तुकडा आजीच्या माहेरचा. आणि आजी माझीही आजीच की! माझ्या आईची आई. तो तुकडा मलाही आलेला असू शकतो. मी कपाळावर हात मारला. केंद्रात लागताना सगळ्यांचं रक्त घेतात, माझीही पत्रिका होती. हिरवीगार. तिच्याकडं मी परत कधी बघितलंच नव्हतं, हिरव्याकडं कोण बघतं?

मी स्वतःचा कच्चा डेटा मागवला. तोच तुकडा, आईकडून आलेला, अक्षर न् अक्षर तोच. माझेही आई-बाप लांबून नात्यातलेच, म्हणून कात्री इथंही सुटली होती; माझ्याही फेकलेल्या तुकड्यांत तसाच लांब तुकडा मिळाला, आधी बिघडलेली आणि मागं चांगली. फक्त माझ्या वेळी 'संधान'च्या हाताला चांगली प्रत आधी लागली होती. त्यानं बिघडलेली कापली आणि मला शिक्का दिला: कोणताही दोष नाही, दोष पुढच्या पिढीला देणारी वाहकसुद्धा नाही. एकाच आजीचा एकच तुकडा, आणि मशिनीनं एकीला मारलं, एकीला तारलं. दोन माणसांत, वेगवेगळ्या वर्षी काढलेल्या रक्तात, यंत्राचा तोच दोष अगदी त्याच जागी येत नसतो. आता मला शंका उरली नाही. मी वहिनीला फोन केला आणि म्हणाले, "नणंद म्हणून सांगत नाही. तुझं हृदय चांगलं आहे."

 मग ती म्हणाली, "बरं." आणि रडायला लागली.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो. सांगलीत मंडळाचं ऑफिस पहिल्या मजल्यावर. खाली व्हरांड्यात बाकांवर लाल पत्रिकावाले बसले होते. कुणी ट्रकवाला, कुणी शाळेच्या गाडीचा, एक मिरजेची ॲम्ब्युलन्स चालवणारे शेखचाचा. वहिनी सगळ्यांना ओळखत होती. महिनाभर हेलपाटे घालून तिची त्यांच्याशी सोयरीकच जमली होती. मी सहज एकेकाला विचारलं, तुमचे आई-वडील नात्यातले का हो? शेखचाचा हसून म्हणाले, "चुलत." ट्रकवाला म्हणाला, "बाप आईच्या आत्याचा पोरगा." बाकीच्यांचीही उत्तरं तशीच आली.

अध्यक्षा डॉक्टर सरनोबत, शेजारी दोन सदस्य, आणि कोपऱ्यात आमचे कुलथेसाहेब. मला बघून त्यांनी मान खाली घातली.

मी काय सापडलं ते सांगितलं. सरनोबतबाई हुशार होत्या, मध्ये तोडून नेमके प्रश्न विचारत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हे सगळं तुमचं विश्लेषण झालं. 'संधान' मंजूर आहे, तुम्ही नाही."

"मग 'संधान'लाच विचारू," मी म्हणाले आणि लॅपटॉप त्यांच्याकडं वळवला. "हाच मंजूर प्रोग्राम, हाच राजमतीचा डेटा. आख्खी पत्रिका जोडायला दिवस लागेल, म्हणून फक्त ह्या जनुकाचा भाग घेतलाय. मी एकच करणार, पोतं हलवणार. तुकडे तेच, फक्त क्रम वेगळा. बटण तुम्ही दाबा."

त्यांनी दाबलं. चहा येऊन प्यायला जाईपर्यंत निकाल आला. लाल. सरनोबतबाईंनी भुवया उंचावल्या. दादानं वहिनीचा हात पकडला, ह्या वेळी तिनं काढून घेतला नाही.

"आता पुन्हा," मी म्हणाले. 

पुन्हा पोतं हलवलं, पुन्हा बटण. हिरवा.

 एका सदस्यानं स्वतः लॅपटॉप ओढून घेतला आणि तिसऱ्यांदा बटण दाबलं. हिरवा. चौथ्यांदा लाल.

"हे काय चाललंय?" तो कुलथेसाहेबांवर डाफरला. "निकाल आहे का लॉटरी?"

कुलथेसाहेब उभे राहिले. मला वाटलं, आता हे काखा वर करणार. पण ते म्हणाले, "ताई बरोबर बोलतायत. ह्या जागी 'संधान'ला कळत नाही, आणि कळत नाही असं म्हणायची त्यात सोयच नाही." इतकं बोलून ते घामाघूम होऊन खाली बसले.

आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. परत आत बोलावलं तेव्हा सरनोबतबाईंचा सूर एकदम मऊ झाला होता.

"राजमतीबाई, तुम्हाला त्रास झाला, वाईट वाटतं. तुमची पत्रिका आजच हिरवी करतो. उद्यापासून ड्यूटीवर जा. इथं फक्त सही करा."

वहिनीनं कागद घेतला आणि सावकाश वाचला. कागदात होतं की प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांची अदलाबदल झाली, त्यामुळं चुकीचा निकाल गेला, आणि ह्याबाबत आपली काही तक्रार उरलेली नाही.

"नमुना बदलला न्हवता," ती म्हणाली. "रक्त माझंच होतं."

"ती कार्यालयीन भाषा झाली हो. तुम्हाला गाडी मिळतेय ना?"

"आणि खाली बसलेत त्यांचं?"

"त्यांनी अर्ज केले की नियमाप्रमाणं फेरतपासणी होईल."

"म्हंजे तीच फाईल तशीच परत चालवणार." वहिनीनं माझ्याकडं बघितलं. "त्रिशे, मी बरोबर बोलतेय न्हवं?"

मी मान हलवली. पण खरं सांगते, माझ्या मनात तेव्हा एकच होतं: सही कर गं बाई, सही कर आणि चल घरी. महिनाभर तिच्या घरात सुतक होतं. दादा वाळून अर्धा झाला होता. बाकीच्यांचं पुढं बघू, आधी आपलं माणूस सुटू दे, असं मला वाटलं. दादा तर तिच्या कानाशी लागलाच. "कर की सही. गाडी पायजे होती ना तुला?"

"गाडी पायजेच हाय," वहिनी म्हणाली, आणि कागद उलटा करून टेबलावर ठेवला. "पण हे लिहून न्हाई. अध्यक्षबाई, तुम्ही लिवा की मशीन चुकलं. दुबार छाटणी चुकली. आई-बाप नात्यातले असतील तिथं ती चुकती, आणि तसल्या सगळ्या पत्रिका ह्या बाईनं दाखवलं तशा परत जोडणार. मग मी डोळे झाकून सही करते."

"ते माझ्या अधिकारात नाही. राज्यभर हजारो निकाल गेलेत. गाड्या बंद पडतील, कोर्टकज्जे होतील, तुम्हाला कल्पना आहे का?"

"हाय की. मला भरल्या गाडीतनं उतरवलंय."

"बाई, हट्ट करू नका. ही संधी परत मिळणार नाही. सही नाही केली तर पत्रिका लालच राहील."

"राहू दे लाल." वहिनी उठली. तिनं पदर खोचला. "ड्रायव्हर हाय मी. गाडी बंद पडली तर सगळ्यात आधी आपण उडी मारून पळायचं न्हाई, एवढंच शिकलेय. तुम्ही मला एकटीला दार उघडून देताय आणि बाकीचे आत कोंडताय. मला न्हाई चालायचं ते."

मला रडू फुटलं आणि रागही आला, तिचा आला आणि माझाही आला. मी काय करत होते? घरचं माणूस सोडवून मूग गिळून बसणार होते? मी लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "डॉक्टर, माझीही पत्रिका घ्या. हिरवी आहे, आणि खोटी आहे. तोच तुकडा, तीच कात्री. राजमती लाल राहणार असेल तर माझीही चुकीची म्हणून नोंदवा, माझी लेखी तक्रार आजच देते. आणि ज्यानं ज्यानं कच्चा डेटा आणला त्याचं पोतं मी हलवून दाखवणार. फुकट, उघड्यावर."

"तुमच्या नोकरीच्या करारात हे बसत नाही," सरनोबतबाई म्हणाल्या.

"मग नोकरी बसत नाही माझ्यात."

दादा दोघींकडं आळीपाळीनं बघत होता. मग त्यानं वहिनीची पिशवी उचलली, खांद्याला लावली आणि म्हणाला, "चल. जिना सावकाश उतर म्हणणार न्हाई आता." तेवढ्यातही वहिनी फिसकन हसली.

आम्ही खाली आलो. सगळे उठून उभे राहिले. ट्रकवाल्यानं विचारलं, "काय झालं, ताई? सुटलात?"

"न्हाई सुटले," वहिनी म्हणाली. "मी सुटणार हुते, तुम्ही न्हाई. म्हणून न्हाई सुटले." मग तिनं त्यांना मंगलाष्टकांचा कागद, पोतं, कात्री सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा किती तरी सोपं करून. शेखचाचांनी दोनदा विचारून घेतलं. मग खिशातून फोन काढून म्हणाले, "माझा कच्चा डेटा आलाय हो परवाच. उघडायचं कसं ते कळंना." मी त्यांच्या शेजारी बाकावर बसले आणि लॅपटॉप मांडीवर घेतला. कुलथेसाहेब जिन्यावरनं खाली आले, आमच्याकडं बघत क्षणभर थांबले, आणि चार्जर पुढं करून म्हणाले, "तुमची बॅटरी संपत आली होती, वर बघितलं मी."

तेवढ्यात वरून मंडळाचा शिपाई आला. व्हरांड्यात लोक गोल करून उभे बघून तो वैतागला. "ओ, इथं गर्दी करू नका. मॅडमनी सांगितलंय, सुनावणी संपली, बाहेर व्हा."

वहिनीनं शेखचाचांच्या शेजारी ऐसपैस बैठक मारली.

"माझी संपली," ती म्हणाली. "ह्यांची आता सुरू झालीय. मॅडमना म्हणावं, खाली या."